अकरा दिवस नळ नाही, आणि म्हणे 'छोटासा हिकप'

घागरभर (रात्री ८.५०)

काल आमच्या वॉर्डाच्या ग्रुपवर पाणीवाल्यांचा मेसेज आला. जसाच्या तसा देते: 'पाणीपुरवठ्यात छोटासा हिकप आल्याने पुढील रोटेशन दोन ते तीन दिवस पुढे गेले आहे. नागरिकांनी सहकार्य करावे.' गावाचं नाव घेत नाही. मराठवाड्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव धरा, चालेल. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतात. आज अकरावा. त्यात दोन-तीन मिळवा.

खाली चार जणांनी हात जोडले, दोघांनी 'ओके सर' लिहिलं. मला मात्र तो एक शब्द रात्रभर टोचत राहिला. हिकप म्हणजे उचकी. आम्ही शाळेत शिकलो तेव्हा एवढाच अर्थ होता. आता उचकीचं कसं असतं बघा. ती लागते. कुणी लावत नाही. 'मला उचकी लागली' या वाक्यात सगळं करणारी उचकी, मी नुसती सोसणारी. थोड्या वेळाने ती आपली आपण थांबते. तिचा पंचनामा होत नाही, कुणाला नोटीस जात नाही, कुणाचा पगार कापला जात नाही. म्हणून हा शब्द आवडला त्यांना. 'व्हॉल्व्ह दिवाळीपासून गळतोय आणि आम्ही तो बदलला नाही' असं लिहिलं असतं तर त्यात 'आम्ही' आला असता. 'हिकप आला' म्हटलं की कुणीच येत नाही.

आणि गंमत म्हणजे उचकी लागल्यावर पहिला उपाय कोणता? घोटभर पाणी.

बाकी कुणाला यात काही खटकतं का, की मीच बिनपाण्याची तापलेय?


कोडवाला_परभणी (९.०५)

ताई, राग पाण्याचा आहे आणि काढताय शब्दावर. हिकपचा दुसरा अर्थ इंग्रजीत कधीचाच रुळलाय: किरकोळ, तात्पुरता अडथळा. कुठलाही कोश उघडा. मी हिंजवडीत बसून दिवसातून दहादा म्हणतो, सर्व्हरला हिकप आला, रिलीजला हिकप आला. कुणी माझ्या अंगावर धावून आलं नाही. उद्या 'माउस' म्हटलं तर तुम्ही उंदराचा पिंजरा आणणार का? पाणीवाल्या पोरानं कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेला शब्द टाकला असेल. यात कारस्थान शोधायचं म्हणजे जरा जास्तच होतंय.


सोयाबीन_उमरगा (९.११)

भाऊ, तुमचा सर्व्हर बंद पडला की तुम्ही च्या प्यायला जाता. आमचा नळ बंद पडला की च्या बी बंद. एवढाच फरक हाय.


रिटायर्ड_गुरुजी (९.२४)

चर्चेस तोंड फुटलेच आहे तर एक मूलभूत दुरुस्ती सुचवतो. सदर शब्दाचे मूळ व शुद्ध स्पेलिंग एच-आय-सी-सी-ओ-यू-जी-एच असे आहे. शेवटी 'कफ', म्हणजे खोकला. उच्चार मात्र हिकप. अलीकडे सोपे करण्याच्या नादात यू-पी असे लिहितात व तेच रूढ झाले. मी ३१ वर्षे इंग्रजी शिकविले. पाया कच्चा राहिला की इमारत कशी होते हे या ग्रुपवर रोज पाहतो. अर्थाची चर्चा नंतर, आधी शब्द नीट लिहावा.


घागरभर (९.२८)

गुरुजी, मेसेज मराठीतच होता. 'हिकप' असं देवनागरीत. यात यू-जी-एच कुठं घालू?


कोशकिडा (९.४३)

गुरुजी, राहवत नाही म्हणून लिहितो. उलटं आहे. यू-पी वालं रूप जुनं आहे आणि 'कफ' मागाहून चिकटलाय.

सोळाव्या शतकात आधी 'हिकेट' दिसतो, १५४० च्या आसपास. त्याच्या शेजारी फ्रेंच 'ओके' ठेवा, लिहिताना एच-ओ-क्यू-यू-ई-टी, अर्थ उचकीच. १५७० च्या दशकात 'हिकप' येतो, तेव्हाच्या मनमानी स्पेलिंगांत. 'कफ' १६२० च्या दशकातला. लोकांना वाटलं, घशातून आवाज येतो म्हणजे शेवटी खोकलाच असणार, म्हणून त्यांनी स्पेलिंगमध्ये खोकला बसवला. उच्चार कुणी बदलला नाही, म्हणून आज लिहायचं एक आणि बोलायचं दुसरंच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने तर स्वच्छ म्हटलंय की हे रूप गैरसमजातून आलंय आणि निव्वळ चूक म्हणून सोडून द्यावं.

आपल्याकडे 'पाव' पायांनी तुडवून मळतात म्हणून पाव, असं सांगणारे भेटतात ना? शब्द पोर्तुगिजांचा, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ रोटी. आपण त्याला पाय लावले. इंग्रजांनी उचकीला खोकला लावला.


परळीवाली (९.५१)

थांबा थांबा थांबा. म्हणजे यू-पी बरोबर होतं??

नववीची सहामाही. शब्दार्थाचा प्रश्न. मी यू-पी लिहिलं. आमच्या सरांनी तांबड्या पेनानं असा गोल केला की कागद फाटला, आणि वर्गात उभं करून म्हणाले, 'हिच्या घरी कप आहेत वाटतं, बशा कुठं ठेवल्या?' सगळा वर्ग हसला. पुढं दहावीपर्यंत मला 'कपबशी' म्हणत होते. तीस वर्षं झाली. माझ्या नवऱ्यालासुद्धा हे सांगितलेलं नाही, आणि आज इथं कोण कुठला कोशकिडा येऊन सांगतोय की मी बरोबर होते!

गुरुजी, तुम्ही परळीला होता का हो कधी?


रिटायर्ड_गुरुजी (१०.०२)

मी परळीस कधीच नव्हतो. माझी सेवा गेवराई व नंतर पाथरी येथे झाली. तथापि त्या शिक्षकांची बाजू मांडतो. त्या काळी आमच्या हाती जे पुस्तक होते, त्यात जे छापले होते तेच आम्ही शिकविले. खोलीत एक कोश, त्याची 'एच'ची पाने वाळवीने खाल्लेली. ऑक्सफर्ड काय म्हणते हे विचारण्यास पाथरीहून विलायतेस जाणे शक्य नव्हते.


परळीवाली (१०.०५)

पुस्तकाचं समजलं. बशांचं काय?


रिटायर्ड_गुरुजी (१०.१७)

तो विनोद अनुचित होता.


मराठीचा_चाकर (१०.२०)

सगळे इंग्रजीच्या अंगणात नाचायलेत. अहो, मूळ शब्द आपला आहे! संस्कृत 'हिक्का'. त्याचंच हिकप केलं गोऱ्यांनी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात १७ वा अध्याय हिक्का आणि श्वास यांचाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा इंग्रज कुठं होते? आपलीच वस्तू आपल्याला परत विकतात आणि आपण स्पेलिंगवर भांडतो. शाळा इंग्रजी, पाट्या इंग्रजी, लग्नपत्रिका इंग्रजी, आता नळाच्या नोटिशीही. माझ्या नातवाला एकोणसत्तर म्हटलं की विचारतो, म्हणजे सिक्स्टी नाइन का? ...


कोशकिडा (१०.३१)

नातवाशी सहानुभूती आहे, मलाही एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत थांबावं लागतं. पण हिक्काचं हिकप झालं हे मात्र नाही. डचांत 'हिक', डॅनिशांत 'हिक्के', स्वीडनमध्ये 'हिक्का' (हुबेहूब आपलाच!), रशियात 'इकोता', स्पॅनिशमध्ये 'इपो'. सगळ्यांनी चरक वाचला होता का? नरडं सगळ्यांचं सारखं, आवाज सारखा, म्हणून शब्द सारखे. कावळ्याला 'काक' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, तसं हे.

आवाजावरून न घेता त्यांनी एक शब्द समजुतीवरूनही केला होता. जुन्या इंग्रजीत 'एल्फसोगोधा'. एल्फ म्हणजे तिकडची अदृश्य, खोडकर भुतावळ. उचकी ती लावते असा समज.


घागरभर (१०.३४)

बघा, भुतावळीलासुद्धा त्यांनी जबाबदार धरलं. आमच्याकडे तेवढंही नाही.


देगलूरनाका (१०.४०)

हमारे नांदेड में तो सीधा हिचकी. उर्दूतलीच. देगलूरच्या पुढं गेलं की तेलुगूवाले 'एक्किळ्ळु' म्हणतात, उदगीरच्या पलीकडं कानडीत 'बिक्कळिके'. माझं टायरचं दुकान आहे, तिन्ही बाजूंचे ड्रायव्हर येतात. मिरचीभजी खाता खाता एकाला लागली की बाकीचे तिन्ही भाषांत एकच बोलतात: कौन याद करायलंय रे तुझी? मग पाणी द्यायचं. चाकरसाहेब, आम्ही निजामाच्या राज्यातले. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं, शब्द राहिले. तुमच्या बोलण्यातले 'हजर', 'जबाब', 'दुकान' काढून बघा, किती बोलता येतंय.


मराठीचा_चाकर (१०.४४)

विषय इंग्रजीचा आहे, उर्दूचा नाही. आणि 'चाकर' फारसी आहे हे सांगायला कुणी येणार असेल तर येऊ नका, माहिती आहे.


देगलूरनाका (१०.४५)

मैं तो कुछ बोल्याच नही 😄


सोयाबीन_उमरगा (१०.५२)

आठवणीचं निघालं म्हणून सांगतो. मागल्या साली आमच्या मालकिणीला उचकी लागली ती थांबंना. आमच्याकडं नावं घ्यायची पद्धत. ज्याचं नाव घेतल्यावर थांबंल त्यानं आठवण काढली म्हणायची. मी तिचं समदं माहेर घेतलं. भाऊ, भावजया, मावशी, तुळजापूरची आत्या. नाही थांबली. माझी आई म्हणली, उगं तिच्याच घरची कामून घ्यायलास, आपली घे. आपली घेतली, तरी नाही. शेवटी म्हणलं, बँकेचा साहेब आठवण काढत आसंल, पीककर्जाची. तर थांबली की हो! दोघं बी गप. दुसऱ्या दिवशी खरंच फोन आला.


परळीवाली (१०.५५)

🤣🤣 आमच्याकडे बाळाला लागली की आजी ओल्या दोऱ्याचा तुकडा टाळूवर ठेवायची. आणि म्हणायची, लागू दे, आतडं वाढतंय.


पाटोद्याची_सून (१०.५८)

साखर. चमचाभर कोरडी साखर जिभेवर. शंभर टक्के.


हिंगोलीकर (११.००)

साखर नाही, सात घोट. न थांबता, श्वास न घेता. सहा झाले तर पहिल्यापासून.


पाटोद्याची_सून (११.०१)

सात घोट पाणी आणायचं कुठून, हाच तर धागा आहे ना दादा?


हिंगोलीकर (११.०३)

मग दचकवायचं. दचकवायला पाणी लागत नाही. आमच्या थोरल्यानं पाठीमागून येऊन माझ्या भाच्याला दचकवलं, उचकी थांबली, पण हातातला दुधाचा टोप गेला. त्यावरून दोन घरं दोन वर्षं बोलत नव्हती. अजून त्या भाच्याच्या लग्नात...


कोशकिडा (११.०८)

साखरेला पुरावा आहे, ऐकून तुम्हाला बरं वाटेल. १९७१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २० जणांना चमचाभर कोरडी साखर गिळायला दिली. १९ जणांची थांबली. तुलनेला बिनसाखरेचा गट नव्हता, त्यामुळे शंभर टक्के म्हणू नका.

आणि शिंक. ग्रीसमध्ये प्लेटोने लिहिलेल्या 'मेजवानी' या संवादात नाटककार अॅरिस्टोफेनिसची बोलायची पाळी आली तेव्हा त्याला उचकी लागली. शेजारी बसलेल्या वैद्याने तीन उपाय सांगितले: श्वास रोख, गुळण्या कर, तरीही नाही थांबली तर नाकात काहीतरी घालून शिंक. शिंकल्यावर थांबली. चोवीसशे वर्षांत आपण त्यात फक्त बँकेचा साहेब मिळवला.


औषधीदुकान (११.२६)

हसणं चाललंय, पण मी हसू शकत नाही, माफ करा.

माझे वडील. पाच वर्षांपूर्वी, श्रावणात. उचकी लागली. पहिल्या दिवशी आम्ही नावं घेतली, साखर दिली. माझं स्वतःचं मेडिकल, तरी मी साखरच दिली. दुसऱ्या दिवशी जेवताना घास खाली उतरेना. रात्री झोपेतही चालू. खाट हलायची, हिक्, मग दोन-तीन श्वास, परत हिक्. आई उशाशी बसून मोजत होती. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एका डॉक्टरनं अॅसिडिटीची गोळी लिहिली, म्हणाला किरकोळ आहे. चौथ्या दिवशी मी ऐकलं नाही, रक्त तपासायला दिलं. क्रिएटिनीन अकराच्या पुढं. किडन्या गेलेल्या. उचकी त्यामुळं होती.

पुढं दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

छाती आणि पोटाच्या मधला पडदा आखडतो, हवा आत खेचली जाते आणि ३५ मिलिसेकंदांत घशातलं दार बंद होतं. 'हिक्' हा ते दार आपटल्याचा आवाज. जेवण जास्त झालं, गार-गरम झालं, की होतं आणि जातं. पण ४८ तासांच्या वर गेली तर ती उचकी राहत नाही, ती निरोप असते. मेंदूचा, किडनीचा, यकृताचा, छातीतल्या गाठीचा, कशाचाही. घागरभर ताई, तुम्ही लिहिलंत ना, उचकी आपोआप थांबते. नेहमी नाही थांबत.


घागरभर (११.३३)

दादा, वाचून गप्प झाले. ते वाक्य मी सवयीनं लिहून गेले. मागे घेते.


वैद्यबुवा (११.४०)

हे चरकांनी आधीच सांगून ठेवले आहे. हिक्का पाच: महती, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा. घाईघाईने जेवल्याने येते ती अन्नजा, ती साधी. पहिल्या तीन जिवावरच्या. आधुनिकांनी ४८ तास लावून तेच नव्याने सांगितले. आपल्या वडिलांना वेळीच योग्य ठिकाणी नेले असते तर...


औषधीदुकान (११.४२)

बुवा, पुढचं वाक्य लिहू नका.


वैद्यबुवा (११.४६)

माझा हेतू दुखविण्याचा नव्हता. रक्ततपासणीस माझा विरोध नाही. मी स्वतःही करून घेतो.


परळीवाली (११.४७)

हे 'हेतू नव्हता'वालं मी नववीपासून ऐकतेय.


कोडवाला_परभणी (११.५५)

मूळ मुद्द्यावर येऊ का? आता तर माझंच म्हणणं पक्कं झालं. उचकी किरकोळही असते आणि आतल्या मोठ्या बिघाडाची खूणही असते. मग पाणीवाल्यांचा शब्द अचूक निघाला की! नळाची उचकी ४८ तासांच्या वर गेली, म्हणजे आत काहीतरी कुजलंय. ताई, तुम्हाला रूपक मिळालं, वापरा. शब्दाशी भांडून काय होणार? आयोवातला चार्ल्स ऑस्बोर्न. १९२२ साली डुक्कर वजनाला उचलत होता, उचकी लागली, ती १९९० ला थांबली. ६८ वर्षं. गिनेसमध्ये नाव आहे. तीही हिकपच म्हणायची.


घागरभर (११.५८)

६८ वर्षं! हे आमच्या पाणीवाल्यांना कळवू नका. विक्रमाला वाव आहे म्हणतील.


मांजराकाठ (१२.०६)

लातूरचा आहे म्हणून बोलतो. २०१६. मांजरा धरण कोरडं. पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम, कारण घागरीवरून डोकी फुटायची भीती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी स्टेशनात गेलो होतो. लोक रेल्वेकडं असं बघत होते जसं लेक बाळंतपणाला आलीय. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. सरकारवर राग होता, आहे. पण तेव्हाच्या कागदावर 'टंचाई' लिहिलं होतं. टंचाई म्हटलं की बैठक लावावी लागते, टँकर मंजूर करावे लागतात, अधिग्रहण होतं. त्या शब्दामागं फाइल आहे. हिकपमागं काय आहे सांगा.


कोडवाला_परभणी (१२.१२)

हे बरोबर. इथं माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे हिकप म्हटलं तरी रात्रीतून तक्रारीचं तिकीट उघडतं, आणि त्यावर कुणाचं तरी नाव असतं. बहुतेक वेळा माझं.


मराठीचा_चाकर (१२.१५)

म्हणून म्हणतो, मराठी शब्द वापरा! अडथळा, व्यत्यय, खंड. 'पाणीपुरवठ्यात खंड पडला आहे.' काय वाईट आहे?


सोयाबीन_उमरगा (१२.१७)

खंड पडला, व्यत्यय आला. हे बी आपोआपच पडायलेत की. आम्ही म्हणतो, कुठंतरी माशी शिंकली. नाहीतर घोडं पेंड खायलंय.


कोडवाला_परभणी (१२.१९)

आणि सापडले!! ताई, बघा. इंग्रज उचकीवर ढकलतो, मराठी माणूस माशीवर. माशी कधी शिंकते का? कर्ता लपवायची कला आपल्याकडे त्यांच्याही पुढची आहे. 'काच फुटली', 'दूध उतू गेलं', 'फाइल सापडत नाही'. मग बिचाऱ्या हिकपलाच का धोपटताय?


घागरभर (१२.३१)

मान्य. दातओठ खाऊन मान्य. माझ्या हातून उतू गेलेलं दूध मीही 'उतू गेलं' असंच म्हणते.

पण माशीत आणि उचकीत एक फरक आहे बरं का. आपण म्हणतो, 'कुठं माशी शिंकली?' शेवटी प्रश्नचिन्ह असतं. घोडं 'कुठं' पेंड खातंय? बोलणारा शोधायला निघालेला असतो. माझे वडील सोसायटीत गटसचिव होते. कर्जाची यादी तालुक्याहून परत आली की हेच म्हणायचे आणि पायात चपला घालायचे. 'छोटासा हिकप आला आहे', पूर्णविराम, 'सहकार्य करावे'. यात चपला कोण घालतं? मला खुशाल माशी शिंकल्याचं लिहून द्या. मी विचारीन, कुठल्या व्हॉल्व्हवर?


देगलूरनाका (१२.३४)

ये बात. 👏


मराठीचा_चाकर (१२.३६)

'व्हॉल्व्ह'ला झडप म्हणतात.


सोयाबीन_उमरगा (१२.३७)

चाकरराव, झडप म्हणलं की आमच्याकडं बिबट्या येतो.


कोशकिडा (१२.४५)

जाता जाता. डॉक्टर मंडळी उचकीला लॅटिन 'सिंगुल्टस' वापरतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हुंदका.


औषधीदुकान (१२.४८)

आईच्या बाबतीत मला त्या चार रात्रींत कळत नव्हतं, आवाज वडिलांचा आहे की तिचा.


रिटायर्ड_गुरुजी (१.०२)

मी एवढा वेळ जागा राहून कोश काढला. नवीन घेतला होता मुलाने, उघडला नव्हता. यू-पी हेच मुख्य रूप दिले आहे, दुसरे पर्यायी म्हणून. तेव्हा कोशकिडा यांचे म्हणणे तूर्त स्वीकारतो. पाथरी येथे किती मुलांचे अर्धे गुण कापले ते आता सांगता येणार नाही. परळीच्या भगिनींना त्यांचा अर्धा गुण माझ्यातर्फे देत आहे. बशी वेगळी.


परळीवाली (१.०६)

अर्धा नाही सर, एक. शब्दार्थाला एक होता.


रिटायर्ड_गुरुजी (१.०९)

एक. मात्र अक्षर चांगले असेल तरच.


घागरभर (२.१४)

कुणी जागं आहे का? मोरीतल्या नळानं आत्ता उचकी दिली. आधी फुस्स, मग हुक्, परत हुक्, आणि तांबडं थेंबभर. हवा आहे की पाणी कळत नाही. पाइप जोडून बघते. शेजारच्या काकूंना उठवते, त्यांचा ड्रम रिकामा आहे.


रिटायर्ड_गुरुजी (२.२०)

उचकी 'दिली' असे मराठीत होत नाही. उचकी लागली. क्रियापद तपासावे.


सोयाबीन_उमरगा (२.२१)

गुरुजी, झोपा.